त्यानं अंग झाडलं नाही

कोळवण, ता. मुळशी
२४ फेब्रुवारी १९६३

हैबत,

बोकड मिळाला.

तू लिहिलं होतंस की तो अंगानं भरलेला हवा, माणसांना न बुजणारा हवा आणि त्याचा शेवट ठरलेला हवा. पहिल्या दोन गोष्टी पौडच्या बाजारात मिळाल्या असत्या. तिसरी माझ्याच दारात बांधलेली निघाली. ज्यांच्या घरात मी खोली घेऊन राहते त्या गोजराबाईंचा हा बोकड. त्यांचा एकुलता एक भैरू पलटणीत आहे. चीनच्या लढाईत त्याचा ठावठिकाणा लागेना, तेव्हा भैरू घरी येऊ दे, तुला बोकड देईन, असं गोजराबाई म्हसोबाला बोलल्या. जानेवारीत भैरूचं कार्ड आलं आणि गेल्या आठवड्यात लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन भैरू स्वतःच एस.टी.तून उतरला. आता चैत्रातल्या जत्रेत बोकड द्यायचा.

बोललेल्या जनावराला नाव ठेवायचं नसतं हे तुला सांगायला नको. घरात सगळे त्याला ‘देवाचा’ म्हणतात. देवाचा पाणी प्यायला का, देवाचा मेथीत शिरला, असं चालू असतं. देवाचा असल्यामुळे त्याला कोणी मारत नाही, आणि ते त्याला पक्कं ठाऊक आहे. परवा त्यानं माझे खडू खाल्ले आणि दिवसभर पांढऱ्या तोंडानं हिंडत होता.

तुझी कल्पना गोजराबाईंना समजावताना माझी पंचाईत झाली. सिनेमा, पण नट नाहीत, नटी नाही, गाणी नाहीत. दिसायचं ते बोकडाला दिसतं तसं, आणि ऐकू यायचं ते बोकड मनात बोलतो ते. गोजराबाई म्हणाल्या, “मनात काय बोलतोय ह्यो? चारा कुटं हाय, येवढंच.” भैरू शेजारी बसून बूट पुसत होता. तो म्हणाला, “आये, डोंगरातनं चालताना आमी बी तेवढंच बोलत हुतो.”

परवानगी मिळाली. तू शेजारच्या चांद्याचा, आपल्यातला, म्हणून मिळाली. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यांनी अंगणात उभं केलं नसतं. अट एकच. त्याला खरचटायलासुद्धा नको. व्यंग असलेलं जनावर देवापुढे नेता येत नाही.

तू आणि तुझा कॅमेरावाला शाळेच्या पडवीत झोपा. माझी आता सकाळची शाळा आहे, त्यामुळे दुपारपर्यंत मी तुमच्याकडे बघू शकणार नाही. सकाळी बोकडाला चरायला तुम्हीच ओढ्यावर घेऊन जा, गोजराबाईंना तेवढाच आराम. जेवायला माझ्याकडे. आंबेमोहोराचा भात आहे, तुझ्यासाठी ठेवला आहे. इतक्या वर्षांनी सलग महिनाभर तू माझ्यासमोर जेवशील, याचा मला सिनेमापेक्षा जास्त आनंद आहे.

तुझी
सारजाअक्का

•

कोळवण
२१ एप्रिल १९६३

हैबत,

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही इतक्या घाईनं जीप काढलीत की नीट बोलणं झालं नाही. पोचल्याचं पत्रही नाही. कामात असशील.

जत्रेत तू जमिनीवर पालथा पडून चित्रण करत होतास. बोकडाच्या उंचीवरून तुला माणसांचे पाय दिसले असतील. म्हणून वर चेहरे कसे होते ते मी लिहिते.

आपल्या दादांनी बोकड दिला होता तेव्हाचं तुला आठवतं का? तू त्यांच्या खांद्यावर होतास. भगतानं पाण्याचा तांब्या पाठीवर ओतला आणि ओतता ओतताच बोकडानं कानापासून शेपटापर्यंत असं अंग झाडलं की पुढची रांग भिजली. देवानं घेतला, असं सगळे एकदम म्हणाले. तू किती दिवस घरात अंग झाडून दाखवत होतास.

या वेळी कुशाबा भगतानं पहिला तांब्या ओतला तेव्हा लोक तयार उभे होते. भैरूनं हसत डोळ्यांवर हात धरला होता. बोकड हलला नाही. दुसरा ओतला. बोकडानं ओठावरचं पाणी चाटलं. मागं कोणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग कुशाबानं घागरच उचलली. सबंध घागर त्याच्या डोक्यावरून ओघळली आणि त्यानं डोळे मिटून घेतले, आपल्याला कोणी न्हाऊ घालतंय अशासारखे. ताजुद्दीन मुलाणी सुरी घेऊन पुढे झाला होता. त्यानं सुरीला पुन्हा फडकं गुंडाळलं आणि तो मागच्या कट्ट्यावर जाऊन बसला. मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं की झाडेल, अजून झाडेल. 

कुशाबा म्हणाला, “गोजरे, देव घेत न्हाई. तुज्या बोलण्यातच कायतरी खोट हाय.”

भैरू चिडला. लढाईतून आलेला माणूस तो, त्याला हे चालेना. पण गोजराबाईंनी दावं हातात घेतलं. बोकडाला घेऊन घरी आल्या, गोठ्यात बांधला, त्याच्या गळ्यातली माळ काढून त्यालाच खायला घातली. दोन दिवसांनी निवडण करताना मला म्हणाल्या, “देवाला बोलले तवा मनात आलं हुतं, की पोरगं काय आता येत न्हाई. मी त्येला मेलाच धरला हुता, बाई. ते देवाला कळलं.”

मी पुष्कळ समजावलं. जनावर आहे, उन्हाचे दिवस आहेत, पाणी सुखाचं वाटलं असेल. त्या मान हलवतात आणि पुन्हा सुपात बघतात.

जीपमध्ये चढताना तू माझ्या कानाशी म्हणालास, “अक्का, शेवट मिळाला.” मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. आता विचार करते तर वाटतं, तू बोकड वाचल्याबद्दल म्हणाला असशील. तसंच ना?

पत्र लिही.

अक्का

•

कोळवण
१२ जानेवारी १९६४

हैबत,

मी तुझा सिनेमा पाहिला.

तू बोलावलं नव्हतंस. वर्तमानपत्रात छोटी बातमी होती, पुण्यातल्या एका कॉलेजच्या सभागृहात ‘देवाचा’ दाखवणार म्हणून. रजा टाकून गेले. मागच्या ओळीत बसले. तू पुढे पाहुण्यांबरोबर होतास. तुझी मान मी ओळखली.

आधी चांगलं ते लिहिते, कारण ते खरं आहे. पाय, टोपल्या, चुलीतला जाळ, भैरूचा तळहात आणि त्यातला पाला एवढ्यातून तू सगळं घर उभं केलंस. पलीकडून गोजराबाईंचा आवाज यायचा आणि चित्र त्या आवाजाकडे वळायचं. बोकडाचा आवाज तुझाच. त्यात तू कुठे गहिवरला नाहीस, म्हणून मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला.

मग पाण्याची चित्रं आली. जत्रेच्या आधीची. तू ती त्याला पडणाऱ्या स्वप्नांसारखी मध्ये मध्ये घातली आहेस. ओढ्याकाठी करंजाखाली त्याच्यावर पाणी पडतं, तो अंग झाडतो आणि थेंब उडून कॅमेऱ्याच्या काचेवर येतात. लोकांनी तिथे ‘वा’ म्हटलं. मग दुसऱ्या बाजूनं. मग कोवळ्या उन्हात. मग नुसता कान. हैबत, मी शाळेत शिकवते. शाळेला लागून लोहाराचं दुकान आहे. जूनमध्ये नवी मुलं घणाच्या प्रत्येक घावाला दचकतात. पोळ्यापर्यंत ती मानही वर करत नाहीत. तुझ्या चित्रांत तो आधी सगळा झाडतो, मग पाठ थरथरवतो, मग कान हलवतो, आणि शेवटच्यात नुसता उभा राहतो. मी सकाळच्या शाळेत फळ्यावर बेरजा लिहीत होते तेव्हा तुम्ही रोज ओढ्यावर काय करत होतात ते मला त्या अंधाऱ्या सभागृहात कळलं.

मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. तुला थेंब उडालेले हवे होते आणि ते मनासारखे उडत नव्हते, इतकंच असेल. पण जत्रेत घागर ओतूनही तो उभा राहिला तेव्हा तिथे जमलेल्या सगळ्या माणसांत कारण फक्त तुला आणि तुझ्या कॅमेरावाल्याला माहीत होतं. आणि पाण्याचा अर्थही तुला माहीत होता. तू तो दादांच्या खांद्यावर बसून शिकलास.

शेवटी तुझा आवाज म्हणतो, “त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.” लोक उभे राहिले. मला उभं राहता आलं नाही, टाळ्या वाजवता आल्या नाहीत. तुला न भेटता मी संध्याकाळची एस.टी. धरली.

घरी येऊन मी गोजराबाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग विचारलं, “तुमी डोळ्यानं पाह्यलं का पानी वतताना?” नाही म्हणावं लागलं. त्या म्हणाल्या, “बाई, तुमचा जीव चांगला हाय म्हनून तुमी माझी समजूत घालताय. हैबत चांद्याचा हाय. आसं त्येनं केलं आसतं तर तवाच कुशाबाला बोलला आसता. त्यो ईऊन बोलू द्या. मी मानीन.”

म्हणून हे पत्र. एखाद्या रविवारी ये. कुशाबासमोर, गोजराबाईंसमोर सांग की आम्ही रोज पाणी ओतत होतो, त्याची झाडायची सवय मोडली, देवाचा यात काही संबंध नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

घाई का, ते सांगते. जत्रेपासून गोजराबाई रोज सकाळी तोंड धुतलं की गोठ्यात जातात आणि त्याच्यावर तांब्याभर पाणी ओततात. आज तरी झाडेल म्हणून. ओततात आणि बघत उभ्या राहतात. तो त्यांच्याकडे बघतो. मी सांगते की ओतू नका, ओतता म्हणूनच झाडत नाही. ते त्यांना पटत नाही, आणि पटावं तरी कसं? तू सुरू केलेलं काम ती बाई रोज पुढे चालवते आहे.

अक्का

•

कोळवण
२ मार्च १९६४

हैबत,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं.

तू लिहितोस, मी येऊन सांगितलं तर येत्या चैत्रात त्याचा जीव जाईल. पाण्याची सवय मोडायला लोक त्याला महिनाभर कोरडा ठेवतील आणि मग नेतील. महिनाभर गुडघ्यांवर रांगत तू त्याच्या डोळ्यांनी पाहिलंस, आता तुझ्या तोंडून त्याचं मरण निघणार नाही. एका अंधश्रद्धेसाठी तर नाहीच.

यातला पहिला भाग मला समजतो. तुला काय वाटतं, मला तो प्रिय नाही? मी शाळेतून आले की तो पिशवीत तोंड घालतो. तू आलास आणि खरं बोललास तर गोजराबाईंकडे त्याला मागून घे. आधी खरं सांग, मग माग. त्या म्हसोबाला दुसरं काही कबूल करून तुला देतीलसुद्धा. त्या कठोर नाहीत. मी तुझ्या बाजूनं बोलेन. तू मागून तर बघ.

पण ते तू लिहिलं नाहीस. तू बोकडाला वाचवतो आहेस की सिनेमाची शेवटची पाच मिनिटं, हे तुझ्या पत्रावरून मला सांगता येत नाही. पाण्याचं कारण कळलं तर “मी नाही म्हणालो” या वाक्याचं काय राहतं? आणि अंधश्रद्धा म्हणतोस, तर ती असेल. त्या अंधश्रद्धेवर तुझा शेवट उभा आहे. त्या दिवशी ती चालली तुला.

इथलं काय अडलं आहे तेही ऐक. चांद्याची रंभा, आपल्या वरच्या आळीतली, भैरूला सांगून आली आहे. मुलगी चांगली, भैरूचंही मन आहे. गोजराबाई म्हणतात, देवाचं राहिलंय, त्याच्याआधी मांडव घालायचा नाही. बोकड सोडून बाशिंग बांधलेल्या पोरावरच देवाची नजर असली तर? भैरू रजेवर येऊन गेला. जाताना बोकडाला म्हणाला, “मर्दा, तुज्यापायी माझं लगीन अडलंय. जरा तरी हाल की.” आम्ही सगळे हसलो. गोजराबाईसुद्धा हसल्या आणि हसता हसता आत गेल्या.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. आई गेल्यावर मागण्याची बाजू तुझी होती, देण्याची माझी, आणि मला त्यात सुखच होतं. हे मागते आहे.

अक्का

•

कोळवण
६ जून १९६५

हैबत,

तुझ्याकडून सव्वा वर्षात काही नाही. तुझ्या बातम्या मला वर्तमानपत्रातून कळतात. ‘देवाचा’ दिल्लीला दाखवला, परदेशी पाठवणार आहेत असं वाचलं. तुझा फोटो होता. वाळला आहेस.

इथे दोन जत्रा होऊन गेल्या. दोन्ही वेळा तो उभा राहिला. दुसऱ्या वेळी लोक पाणी ओतायच्या आधीच पांगायला लागले होते. ताजुद्दीननं सुरी आणलीसुद्धा नव्हती. आता कोणी त्याला गोजराबाईंचा बोकड म्हणत नाही. न घेतलेला म्हणतात.

रंभाच्या वडिलांनी वाट पाहिली. वैशाखात त्यांनी तिला नेऱ्याला दिली. त्यांना दोष देता येत नाही. त्याच महिन्यात भैरू रजेवर होता. लग्नाच्या दिवशी त्यानं सबंध दिवस नांगराचा फाळ काढून पुन्हा बसवला.

एकदा संध्याकाळी तो माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला. म्हणाला, “बाई, तुमी आयेला सांगितलंत ते मला पटतं. पलटनीत नवं पोरगं येतं, पैल्या दिशी तोफ उडाली की खाटंखाली जातं. मग म्हैन्यानं तोफंच्या शेजारी झोपतं. तसंच हाय ह्ये. पर आयेला मी सांगून उपेग न्हाई. ती म्हनती, तुज्यासाठीच तर बोलले, तू कसा साक्षीदार?” मग त्यानं विचारलं, “हैबतदादा येतील का?”

मी म्हटलं, येईल.

रजा पुरी व्हायच्या आत त्याला परत बोलावणं आलं. सरहद्दीवर काही तरी चाललं आहे. जाताना त्यानं मला एवढंच सांगितलं की आईला रोज पाणी उचलू देऊ नका, तिचा खांदा दुखतो. गोजराबाई त्याला पोचवायला एस.टी.पर्यंत आल्या नाहीत. दारातच त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या, आंधळं माणूस फिरवतं तसा. तो म्हणाला, “आये, मोटार जाईल.” तरी फिरवत राहिल्या.

पाऊस चार दिवसांवर आला आहे. एकदा लागला की ओढ्यावरून एस.टी. येत नाही, दसऱ्यापर्यंत रस्ता बंद. त्याआधी ये. तुझा सिनेमा आता जगभर हिंडतो आहे, इथल्या चार माणसांना खरं सांगितल्यानं त्याचं काही कमी होणार नाही. ती बाई रोज आपल्या मुलाचं मरण बघते आहे. तिला सांग की तसं काही ठरलेलं नाही.

तुझ्या पाया पडायची वेळ आणू नकोस. मी मोठी आहे.

अक्का

•

कोळवण
२ ऑक्टोबर १९६५

हैबत,

भैरू गेला. पंजाबच्या सरहद्दीवर, सप्टेंबरमध्ये. तार इंग्रजीत होती, त्यामुळे पोस्टमन ती घेऊन शाळेत माझ्याकडे आला. मी घरी नेली.

गोजराबाई वैरण कापत होत्या. माझ्याकडे बघून विळा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “वाचू नगा. मला आदीच सांगितलंय.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणी ओतणं बंद केलं.

अक्का

•

कोळवण
२० फेब्रुवारी १९६६

हैबत,

तुझं पत्र मिळालं. इतकं लांब पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. भैरूच्या तळहातावरची चित्रं तू आता पाहू शकत नाहीस, रात्ररात्र झोप लागत नाही, येत्या चैत्रात जत्रेला येऊन सगळ्या गावासमोर, कुशाबासमोर, गोजराबाईंचे पाय धरून सगळं सांगायचं ठरवलं आहेस. सिनेमाचं जे व्हायचं ते होऊ दे असंही लिहिलं आहेस. तू हे मनापासून लिहिलं आहेस याबद्दल मला शंका नाही. मी तुला अंगाखांद्यावर वाढवलं आहे, तुझा खरा आवाज मला कळतो.

येऊ नकोस.

हे वाचून तुला राग येईल. दोन वर्षं मी हेच मागत होते. म्हणून नीट सांगते.

गोजराबाई अजून उभ्या आहेत. शेतावर जातात, भात सडतात, माझ्यासाठी चुलीवर पाणी ठेवतात. गावात लोकांना त्याचं आश्चर्य वाटतं. सांत्वनाला आलेल्या बायकांना त्या काय सांगतात ते मी भिंतीआडून ऐकलं आहे. त्या म्हणतात, “मला देवानं आदी सांगितलं. आनी सांगून अडीच वर्सं हातात दिली. परत्येक रजंला मी त्येला जेवताना बघून घेतला, झोपल्याला बघून घेतला. दुसऱ्या आयांना कुटं मिळतं आसं?” बायका रडतात. त्या रडत नाहीत.

त्या एवढ्या गोष्टीवर त्या चालत आहेत. दुसरं त्यांच्याजवळ काही नाही. तू येशील, पाय धरशील, आणि खरं सांगशील. त्या मानतील, कारण तू सांगितलंस तर मानीन असं त्यांनीच म्हटलं होतं. मग त्यांना कळेल की देव काही बोललाच नव्हता. भैरूला गोळी लागली ती इतर मुलांना लागली तशीच. आणि मग रंभा आहे. आज त्या म्हणतात, बरं झालं मी मांडव घातला नाही, एका पोरीचं कपाळ वाचलं. तू बोलल्यावर त्यांना कळेल की मुलाला हवी होती त्या मुलीला आपण बादलीभर पाण्यापायी नाही म्हटलं. कदाचित आज घरात सून असती, एखादं मूल असतं. हे मी एकटी उठता-बसता मनात घोळवते आहे आणि मला ते पेलत नाही. त्या बाईंना तू ते नेऊन देणार आणि तुझं मन हलकं होणार.

तुझं मन हलकं व्हावं असं मलाही वाटतं. पण ते इथे नको.

आणखी एक आहे, ते तुला सांगितलं पाहिजे. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

परवा सकाळी गोजराबाई गवत आणायला खालच्या बांधावर गेल्या होत्या. बोकड अंगणात मोकळा होता. आता तो थोराड झाला आहे, दाढी पिवळी पडली आहे, तरी मी बाहेर आले की अजून मागे मागे येतो. मी तांदूळ धुवून पाणी फेकलं. तो मागून आलेला मला दिसला नाही, पाणी त्याच्या पाठीवर पडलं. आणि हैबत, त्यानं अंग झाडलं. कानापासून शेपटापर्यंत, आपल्या दादांच्या बोकडानं झाडलं होतं तसं. माझ्या चष्म्यावर थेंब उडाले.

पाच महिने त्याच्यावर कोणी पाणी ओतलं नव्हतं. त्याची कातडी पुन्हा साधी झाली होती, एवढंच.

मी आधी आळीत दोन्हीकडे बघितलं. कोणी नव्हतं. मग त्याला शिंगाला धरून गोठ्यात नेला, दार लोटलं आणि पदरानं पुसायला लागले. पाठ, पोट, मानेखाली. राठ केस लवकर वाळत नाहीत. त्याला वाटलं मी लाड करते आहे, तो माझ्या खांद्यावर मान टाकून उभा राहिला. मी पुसत असतानाच गोजराबाई भारा घेऊन आल्या. भारा टाकला, त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग माझ्या पदराकडे बघितलं.

“भिजला व्हय ह्यो?”

तांदळाचं पाणी सांडलं माझ्या हातून, असं मी सांगितलं.

त्या बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “झाडलं का त्येनं आंग?”

“नाही,” मी म्हणाले.

सारजाअक्का